जुना एएस/४०० घरी आणताना : सीमाभागातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्याने आपला जुना एएस/४०० हा आयबीएमचा संगणक निकालात काढला, तेव्हा तो घेण्यासाठी आम्ही दोघेच पोहोचलो होतो, एक मी आणि दुसरा भंगारवाला. त्याने झाकण उघडून आत बॅटरीचा उजेड पाडला, तांब्याचा अंदाज घेतला आणि मला म्हणाला, "काका, ह्यात तांबं कमीच हाय की ओ, पत्राच जास्त. तुम्हीच न्या." मी यंत्र नेले आणि आठवडाभरात कळून चुकले की त्याचा हिशेब माझ्यापेक्षा चोख होता. कंपनीची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून यंत्रातील सगळ्या डिस्क आधीच काढून हातोड्याने फोडल्या होत्या. माझ्या वाट्याला आला तो खरोखरच पत्रा होता.

त्या चुकीतून जे शिकलो, तेच या लेखाचे सूत्र आहे. या जातीचे यंत्र घेताना पेटी विकत घ्यायची नसते. डिस्कवर चालू अवस्थेत असलेली प्रणाली, त्या यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेला परवाना आणि यंत्राशी बोलण्याचे साधन, या तीन गोष्टी घ्यायच्या असतात. त्या मिळाल्या तर पेटीवरच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष करावे, आणि त्या नसतील तर पेटी फुकट मिळाली तरी घरी आणू नये.

नावांचा घोळ आधी निस्तरू

आयबीएमने एएस/४०० हे यंत्र जून १९८८ मध्ये जाहीर केले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेत ते घडले आणि सिस्टीम/३६ व सिस्टीम/३८ या दोन जुन्या यंत्रांचा वारसा त्याने पुढे चालवला. मेनफ्रेमपेक्षा लहान आणि टेबलावरच्या संगणकापेक्षा मोठे, म्हणून या वर्गाला मिडरेंज म्हणतात. १९९५ मध्ये त्याचा प्रोसेसर बदलून ६४ बिटांचा झाला, २००० मध्ये त्याचे नाव आयसिरीज झाले, २००६ मध्ये सिस्टीम आय झाले आणि २००८ मध्ये ही यंत्रे पॉवर सिस्टीम्स या छत्राखाली गेली. कार्यप्रणालीचे नावही ओएस/४०० पासून आय५/ओएस आणि तेथून आयबीएम आय असे बदलत गेले. विकणारा यांपैकी कोणतेही नाव सांगेल आणि कारखान्यातील जुनी माणसे तर आजही सरसकट एएस/४०० असेच म्हणतात, त्यामुळे नावाच्या मागे न लागता यंत्राच्या पुढच्या बाजूला छापलेला चार आकडी प्रकार, त्यापुढील मॉडेल क्रमांक आणि सिरियल क्रमांक लिहून आणावेत.

पहिली पायरी : यंत्राशिवाय सुरुवात

यंत्र घेण्यापूर्वी निदान दोन महिने दुसऱ्याच्या यंत्रावर काम करावे. पब४०० या नावाने जर्मनीतून चालवली जाणारी एक सार्वजनिक सेवा आहे. तिथे मोफत खाते उघडता येते आणि आधुनिक आवृत्तीची आयबीएम आय प्रणाली घरबसल्या वापरता येते. तिच्याशी पडद्यावरून बोलण्यासाठी लिनक्सवर टीएन५२५० नावाचा मुक्त टर्मिनल प्रोग्राम चालतो. हिरव्या अक्षरांचा पडदा, आज्ञा देण्याची पद्धत, कार्यक्रम म्हणजे प्रोग्राम लिहिणे आणि तो संकलित करणे, म्हणजे यंत्राच्या भाषेत आणणे, हे सारे तिथेच शिकता येते. आपल्या भागातील बीसीए किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला केवळ आरपीजी ही या यंत्रावर कार्यक्रम लिहिण्याची भाषा शिकून पुण्यात किंवा बेंगळुरूत मुलाखत द्यायची असेल, तर त्याला घरी लोखंड आणण्याची मुळीच गरज नाही.

मग घरचे यंत्र कशासाठी? पब४०० वर मिळते ते फक्त वापरकर्त्याचे खाते. यंत्र सुरू करणे, बंद करणे, डिस्क जोडणे, संपूर्ण प्रणाली टेपवर उतरवणे आणि बिघडल्यावर ती पुन्हा उभी करणे ही सर्वाधिकारी माणसाची कामे दुसऱ्याच्या यंत्रावर कोणी करू देत नाही. व्हॅक्स किंवा पीडीपी-११ यांसारख्या जुन्या यंत्रांची नक्कल साध्या संगणकावर सॉफ्टवेअरने चालवता येते, परंतु एएस/४०० ची तशी वापरण्याजोगी सार्वजनिक नक्कल उपलब्ध नाही. ही कामे हाताने करून पाहायची असतील तर प्रत्यक्ष यंत्रच लागते.

दुसरी पायरी : कोणते मॉडेल आणि कोणते प्रश्न

नवशिक्याने दोन मॉडेलांच्या आसपास शोध ठेवावा. ९४०६ प्रकारातील २७० हे २००० सालचे मॉडेल असून त्यावर कार्यप्रणालीच्या व्ही५आर४ पर्यंतच्या आवृत्त्या चालतात. त्यानंतर आलेल्या पॉवर५ प्रोसेसरच्या ५२० या मॉडेलवर ७.१ पर्यंत जाता येते. शिकण्याच्या दृष्टीने दोन्ही पुरेशी आहेत, मात्र निवडीला वाव असेल तर मी ५२० घेईन. नवी आवृत्ती हे त्याचे एक कारण. दुसरे असे की त्याचे सुटे भाग तुलनेने सहज मिळतात. १९९५ पूर्वीची यंत्रे देखणी असतात, पण ती शिकण्यासाठी नसून जतन करण्यासाठी असतात.

यंत्र विकणाऱ्याच्या जागेवर चालू असतानाच पाहावे. "बंद करून वर्ष झालं, पण चालू होतं," या वाक्यावर एक रुपयाही देऊ नये. यंत्र चालू असेल तर पुढील गोष्टी तिथेच तपासाव्यात, कारण घरी आल्यावर त्या तपासण्याचा उपयोग नसतो.

सर्वांत आधी डिस्क. या यंत्रांच्या डिस्कवरील प्रत्येक सेक्टर नेहमीच्या ५१२ बाइटांऐवजी ५२० बाइटांचा असतो, त्यामुळे बाजारातील साधी डिस्क आणून बसवली तरी यंत्र ती जशीच्या तशी स्वीकारत नाही. शिवाय ही प्रणाली स्मृती आणि डिस्क यांना मिळून एकच अखंड जागा मानते आणि माहिती सगळ्या डिस्कवर विखरून ठेवते. एक डिस्क गेली तरी माहिती वाचवणारे रेड किंवा मिररिंगचे संरक्षण नसेल तर चारांपैकी एक डिस्क गेली म्हणजे चौथा हिस्सा नव्हे, तर सगळेच जाते.

त्यानंतर परवाना. प्रणालीचा परवाना यंत्राच्या सिरियल क्रमांकाशी बांधलेला असतो. एका यंत्राच्या लायसन्स की, म्हणजे परवान्याचे संकेतांक, दुसऱ्यावर चालत नाहीत; ते नसलेल्या प्रोग्रामांना साधारणतः ७० दिवसांची मुदत मिळते आणि मग ते थांबतात. डीएसपीएलआयसीकेईवाय ही आज्ञा देऊन सर्व की छापून घ्याव्यात आणि तो कागद रेशन कार्डाच्या काळजीने जपावा. यंत्र घेताना मिळणाऱ्या बिलावरही सिरियल क्रमांक लिहून घ्यावा.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे कार्यक्रम संकलित करणारा कंपायलर. गो एलआयसीपीजीएम असे लिहून उघडणाऱ्या मेनूतील १० क्रमांकाच्या पर्यायात यंत्रावर बसवलेल्या प्रोग्रामांची यादी दिसते. व्ही५ मालिकेतील आवृत्तीवर त्या यादीत ५७२२डब्ल्यूडीएस हे नाव असलेच पाहिजे, ७.१ वर त्याच ठिकाणी ५७७०डब्ल्यूडीएस दिसते. हा संच नसेल तर आरपीजी नाही, कोबॉल ही भाषा नाही आणि कार्यक्रम लिहिण्याचा एसईयू हा संपादकही नाही. कित्येक कारखान्यांनी तयार सॉफ्टवेअर विकत घेतलेले असल्यामुळे त्यांच्या यंत्रावर कंपायलर कधीच बसवलेला नसतो. असे यंत्र उत्तम स्थितीत असले तरी शिकणाऱ्याच्या दृष्टीने ते पीठ नसलेली गिरणी आहे.

आता नाजूक मुद्दा. आपल्याला डिस्कवरील प्रणाली हवी असते, आणि कंपनीला डिस्कवरील पगारपत्रके व खातेवह्या बाहेर जायला नको असतात. माझ्या पहिल्या यंत्राच्या डिस्क याच भीतीपोटी फुटल्या, आणि ती भीती चुकीची नव्हती. यावर तोडगा असा की कंपनीच्या ईडीपी म्हणजे संगणक विभागातील माणसानेच आपल्यासमोर त्यांच्या लायब्ररी, म्हणजे फाइली व कार्यक्रमांचे गट, डीएलटीएलआयबी आज्ञेने पुसाव्यात, वापरकर्त्यांची खाती काढावीत आणि सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड बदलून आपल्याला द्यावा. अशा पुसण्याने डिस्कवरील प्रत्येक खूण नाहीशी होत नाही, हेही त्यांना प्रामाणिकपणे सांगावे आणि त्यांचे समाधान झाले नाही तर यंत्राचा नाद सोडावा. दुसऱ्याची माहिती राहून गेलेली आढळली तर ती न वाचता पुसून टाकणे हे आपले काम आहे.

तिसरी पायरी : वाहतूक

पुण्याकडून किंवा कोल्हापूरकडून यंत्र येणार असेल तर ते कोगनोळी नाका ओलांडून राज्याची हद्द पार करते, म्हणून विक्रीचे बिल गाडीसोबत असावे आणि किंमत पन्नास हजारांपुढे जात असेल तर ई-वे बिलाची चौकशी विकणाऱ्याकडेच करावी. डिस्क बाहेर काढून, कोणती कोणत्या खाचेतली हे चिकटपट्टीवर लिहून, गोधडीत गुंडाळून आपल्या मांडीवर आणाव्यात. घाटातील वळणे आणि गावातील गतिरोधक यंत्राच्या पत्र्याला सोसतात, डिस्कला सोसत नाहीत. यंत्र दोघांनी उचलावे. एकट्याने उचललेल्या यंत्राची किंमत पुढे कमरेच्या पट्ट्यासह मोजावी लागते.

चौथी पायरी : जागा आणि वीज

घरात जागा निवडताना आवाजाचा विचार आधी करावा. सुरू होताना या यंत्राचे पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि पुढेही त्यांची घरघर थांबत नाही, म्हणून झोपण्याच्या खोलीत ते ठेवता येत नाही. माळा नको, कारण उन्हाळ्यात पत्र्याखाली तापते. तळघर नको, कारण खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटतात. जमिनीपासून वीतभर उंच लाकडी पाटावर, मागच्या बाजूला हातभर मोकळी जागा सोडून ते ठेवावे. मागच्या रिकाम्या खाचांवर पत्र्याच्या पट्ट्या बसवलेल्या असाव्यात. त्या नसतील तर हवा चुकीच्या वाटेने फिरते, आणि त्याहून वाईट म्हणजे ऊब शोधत पाल आत शिरते. माझ्या दुसऱ्या यंत्राचा पॉवर सप्लाय एका पालीने संपवला. ती पाल दोन तारांमध्ये आडवी पडली होती आणि जळका वास स्वयंपाकघरापर्यंत गेला होता.

यंत्राला तीन पिनांचे, खरे अर्थिंग असलेले सॉकेट लागते. जुन्या घरांत तिसरे भोक असते, पण त्यामागे तार नसते. जाणकार वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते एक-दोन व्होल्टांच्या आसपास असेल तर ठीक, आणि वीस-तीस दाखवत असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा करून घ्यावा. हे काम स्वतः करू नये. वळवाचा पाऊस गडगडू लागला की प्लग आणि नेटवर्कची केबल दोन्ही काढून ठेवाव्यात. प्लग काढून केबल तशीच ठेवणारे पुष्कळ असतात, आणि वीज त्याच वाटेने येते.

बिलाचा हिशेब आपल्याकडे थोडा वेगळा करावा लागतो. हेस्कॉम या कर्नाटकातील वीज कंपनीच्या ज्या घरांना २०२३ पासून राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेचा लाभ मिळतो, त्यांना मागील सरासरीवर ठरवलेल्या वापरापर्यंत बिल येत नाही. परंतु महिन्याचा वापर २०० युनिटांपुढे गेला की त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. यंत्र ३०० वॅट घेते असे धरले आणि ते रात्रंदिवस चालू ठेवले, तर दिवसाला ७.२ आणि तीस दिवसांना २१६ युनिटे होतात, म्हणजे घरातील एकही दिवा न लावता मर्यादा ओलांडली. तेच यंत्र रोज दोन तास चालवले तर महिन्याला १८ युनिटे होतात. आपले यंत्र नेमके किती वॅट घेते हे प्लगमध्ये बसणाऱ्या मीटरने मोजावे, पेटीवरील आकडा हा कमाल मर्यादेचा असतो. आमच्या घरात हा हिशेब वहीत मांडून दाखवल्यावरच यंत्राला उंबरठा ओलांडू दिला गेला.

वीज अचानक गेली तर साध्या संगणकाला जेवढे सोसते तेवढे या यंत्राला सोसत नाही. पुढच्या वेळी सुरू होताना ते आपण नीट बंद झालो नव्हतो हे ओळखते आणि अर्धवट राहिलेल्या नोंदी जुळवत बसते. यात तास दोन तास जाणे विशेष नाही. म्हणून साइन वेव्ह देणारा, यंत्राच्या मोजलेल्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा यूपीएस घ्यावा. घरातील दिव्या-पंख्यांचा जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर यासाठी वापरू नये. यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी नसून दहा मिनिटांत यंत्र नीट बंद करण्यासाठी आहे, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

पाचवी पायरी : कन्सोल आणि पहिली सुरुवात

या यंत्राला मॉनिटर आणि कीबोर्ड थेट लावता येत नाहीत. त्याच्याशी बोलण्यासाठी कन्सोल लागतो आणि तो मुख्यतः तीन प्रकारांचा असतो. ट्विनॅक्स केबलवर चालणारे जुने टर्मिनल हा पहिला. नेटवर्कवरून किंवा खास केबलने जोडलेल्या विंडोज संगणकावरील ऑपरेशन्स कन्सोल हा दुसरा. आणि पॉवर५ पासून आलेला एचएमसी नावाचा स्वतंत्र व्यवस्थापन संगणक हा तिसरा. यंत्र कोणत्या प्रकारासाठी मांडलेले आहे हे विकणाऱ्याला विचारावे आणि ती केबल, ते कार्ड व तो संगणक यंत्रासोबतच मागून घ्यावा. वेगळे शोधत बसले तर केबल यंत्रापेक्षा महाग पडते.

ट्विनॅक्सची एक खोच सांगतो. एका पोर्टवर ० ते ६ असे सात पत्ते असतात आणि कन्सोल हा पहिल्या, म्हणजे ० क्रमांकाच्या पोर्टवरील ० पत्त्यावर ठेवावा. माझ्याकडे आलेले टर्मिनल दोन संध्याकाळी कोरेच राहिले. केबल बदलली, कार्ड काढून पुन्हा बसवले, पत्नीने "फ्रिज तरी बरा, थंड तरी करतो" असे म्हणून घेतले. तिसऱ्या दिवशी टर्मिनलच्या सेटअपमध्ये पाहिले तर त्याचा पत्ता ३ होता. कारखान्यात ते गोदामातील माणसापुढे असायचे. तो आकडा ० केला आणि कोपऱ्यात हिरवा कर्सर उमटला.

सुरुवात अशी करावी. पुढच्या पट्टीवरील लहान पडद्यावर काम क्रमांक, सुरुवातीची बाजू आणि पद्धत दिसते. बाजू बी ठेवावी आणि पद्धत पहिल्या वेळी मॅन्युअल, म्हणजे एम ठेवावी. ए आणि बी या यंत्राच्या मूळ संकेतप्रणालीच्या दोन प्रती असतात आणि रोजचे काम बी वरून चालते. डी म्हणजे सीडी किंवा टेपवरून सुरुवात, आणि काय करतो आहोत हे माहीत असल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. पांढरे बटण दाबल्यावर पट्टीवर सी ने सुरू होणारे कोड बदलत राहतात. ते प्रगतीचे कोड आहेत आणि त्यांना वेळ द्यावा. वीस मिनिटे, कधी पाऊण तासही. एकच कोड हलेनासा झाला किंवा ए६००५ ने सुरू होणारा कोड दिसला तर यंत्राला बहुधा कन्सोल सापडत नाही असे समजावे, यंत्र बंद न करता केबल आणि पत्ता तपासावा. नवशिका याच क्षणी घाबरून प्लग ओढतो. तसे करू नये.

सहावी पायरी : दोन कुलुपे, एकच नाव

क्यूएसईसीओएफआर हे सर्वाधिकारी खात्याचे नाव आहे, परंतु या नावाची खाती दोन असतात. एक कार्यप्रणालीचे आणि दुसरे डीएसटी या दुरुस्ती साधनांचे. दोघांचे पासवर्ड वेगळे असतात आणि एकाने दुसरा पुन्हा मूळ स्थितीवर आणता येतो. दोन्ही हरवले तर बहुधा सगळे नव्याने बसवण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि त्यासाठी मूळ सीडी व परवाना लागतो. म्हणून यंत्र ताब्यात घेताना दोन्ही पासवर्ड टाकून पाहावेत. चुकीचे पासवर्ड टाकून कार्यप्रणालीचे सर्वाधिकारी खाते निलंबित झाले तरी कन्सोलवरून ते आत येऊ देते; बाहेरच्या टर्मिनलवरून मात्र नाही. ही सोय माहीत नसल्यामुळे चांगली चालती यंत्रे भंगारात गेलेली आहेत.

सातवी पायरी : काहीही करण्यापूर्वी प्रत काढावी

आत गेल्यावर पहिले काम म्हणजे गो सेव्ह मेनूतील २१ क्रमांकाचा पर्याय. तो संपूर्ण यंत्र टेपवर उतरवतो, त्या काळात दुसरे कोणतेही काम चालत नाही आणि जुन्या टेप ड्राइव्हवर यात दुपार जाते. टेपा शक्यतो दोन वेगळ्या संचांत ठेवाव्यात. जुन्या कार्ट्रिज ड्राइव्हमधील रबरी चाक चिकट झालेले असेल तर ते टेप खराब करते, म्हणून आधी निरुपयोगी टेपवर चाचणी घ्यावी.

स्वतः लिहिलेल्या कार्यक्रमांसाठी टेपेची गरज नाही. आपली लायब्ररी सेव्ह फाइलमध्ये साठवून ती एफटीपी या फाइली पाठवण्याच्या साधनाने बायनरी पद्धतीत, म्हणजे अक्षरे न बदलता, घरच्या संगणकावर आणता येते. बायनरी हा शब्द विसरला तर फाइल येते, आकारही बरोबर वाटतो, आणि परत चढवताना कळते की ती कचरा आहे. यंत्राची अक्षरे ईबीसीडीआयसी या संकेतात असतात आणि एफटीपी साध्या पद्धतीत त्यांचे भाषांतर करून टाकते, हे त्याचे कारण.

आठवी पायरी : घरचे नेटवर्क, आणि तेवढेच

सीएफजीटीसीपी मेनूतून यंत्राला घरच्या राउटरच्या जाळ्यातील एक स्थिर पत्ता द्यावा, दुरून लॉगिन करू देणारी टेलनेट सेवा सुरू करावी आणि मग लॅपटॉपवरील टर्मिनल प्रोग्राममधून काम करावे. बाहेरच्या इंटरनेटवरून या यंत्राकडे वाट उघडू नये. त्याची जुनी टेलनेट सेवा पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठवते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याचे त्याचे दिवस संपले आहेत. एएनझेडडीएफटीपीडब्ल्यूडी ही आज्ञा ज्या खात्यांचा पासवर्ड खात्याच्या नावासारखाच आहे त्यांची यादी देते. कारखान्यातून आलेल्या यंत्रावर ती यादी लांबच निघते.

नववी पायरी : पहिला खरा कार्यक्रम

आज्ञा पाठ करू नयेत, त्यांचे व्याकरण समजून घ्यावे. डीएसपी म्हणजे दाखव, डब्ल्यूआरके म्हणजे एखाद्या गोष्टीवर काम करू दे, सीआरटी म्हणजे निर्माण कर, डीएलटी म्हणजे पूस. यापुढे नाम जोडले की आज्ञा झाली. डब्ल्यूआरके आणि एसीटीजेओबी मिळून चालू कामांची यादी येते. कोणतीही आज्ञा लिहून एफ४ दाबले तर ती आपले सर्व पर्याय मांडून दाखवते, आणि चुकीच्या संदेशावर कर्सर नेऊन एफ१ दाबले तर चूक का झाली आणि काय करावे हे पूर्ण वाक्यांत सांगते. इतके समजावून सांगणारे यंत्र मी नंतर पाहिले नाही.

सरावासाठी पुस्तकातील काल्पनिक कंपनीपेक्षा गावातील दूध डेअरी घ्यावी. सभासद क्रमांक, तारीख, सकाळ किंवा संध्याकाळ, लिटर, फॅट, दर आणि रक्कम एवढे रकाने असलेली एक फिजिकल फाइल, म्हणजे नोंदी प्रत्यक्ष साठवणारी फाइल, तयार करावी. मग त्याच नोंदी सभासदवार पाहण्यासाठी एक लॉजिकल फाइल करावी. ती नोंदींची दुसरी प्रत करत नाही, फक्त वेगळ्या क्रमाने दाखवते. मराठी अक्षरांचा हट्ट धरू नये, हिरव्या पडद्यावर देवनागरी सहजासहजी दिसत नाही. सभासदांची नावे रोमन लिपीत टाकावी लागतात.

आकड्यांसाठी पॅक्ड डेसिमल हा प्रकार वापरावा. त्यात एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उण्याची खूण असते, म्हणून सात अंकी रक्कम चार बाइटांत मावते आणि दशांश जसाच्या तसा राहतो. परंतु येथेच एक सापळा आहे. सकाळच्या पाळीला एका सभासदाने ७.३५ लिटर दूध घातले आणि दर ३८.५० रुपये असला, तर गुणाकार २८२.९७५ येतो. रकमेच्या रकान्यात दोनच दशांश स्थळे असल्यामुळे आरपीजी तिसरा अंक मुकाट्याने कापते आणि २८२.९७ लिहिते. जवळच्या पैशात पूर्ण करायचे असेल तर गणनेच्या क्रियेला एच हे अक्षर जोडावे लागते, तेव्हा २८२.९८ येतात. एका पैशाचे काय, असे शहरातला माणूस म्हणेल. डेअरीपुढे किटली घेऊन उभी असलेली आजी असे म्हणणार नाही, आणि बँकेच्या व्याजाचा कार्यक्रम लिहिणाऱ्यालाही तसे म्हणता येत नाही.

जुन्या ठरीव रकान्यांच्या पद्धतीने लिहायचे तर आरपीजी चारमध्ये गणनेच्या ओळीचे सी हे अक्षर सहाव्या रकान्यात आणि क्रियेचे नाव सव्विसाव्या रकान्यापासून असावे लागते. एक मोकळी जागा चुकली तर ओळ दिसायला निर्दोष आणि कंपायलरच्या दृष्टीने निरर्थक ठरते. एसईयूमध्ये ओळीच्या क्रमांकावर एफ४ दाबून रकानेवार पट्टी उघडावी आणि तीतच लिहावे. मोकळ्या पद्धतीची नवी आरपीजी पुढे शिकायची आहेच, परंतु नोकरीत समोर येणारा जुना मजकूर बहुधा रकान्यांतलाच असतो, म्हणून हा त्रास महिनाभर सोसावा.

दहावी पायरी : बंद करणे आणि पावसाळा

काम संपल्यावर पीडब्ल्यूआरडीडब्ल्यूएनएसवायएस ही आज्ञा तत्काळ या पर्यायासह द्यावी, पंखे थांबेपर्यंत शेजारी थांबावे आणि नंतरच भिंतीवरचे बटण बंद करावे. पांढरे बटण दाबून यंत्र बंद करण्याची सवय लावून घेऊ नये.

डिस्क नियंत्रक कार्डावर कॅश बॅटरी असते, ती डिस्कवर लिहायची राहिलेली माहिती वीज गेल्यावर जपते. तिचे आयुष्य संपले की यंत्र आधी इशारे देते आणि मग लिहिण्याचा वेग एकदम खाली आणते. एसटीआरएसएसटी आज्ञेने उघडणाऱ्या हार्डवेअरच्या विभागात तिची स्थिती पाहता येते. यंत्र अचानक गोगलगाय झाले तर प्रोसेसरला दोष देण्यापूर्वी ती पाहावी.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत यंत्र झाकून ठेवून देण्याचा मोह होतो. खानापूर-जांबोटीच्या ओल्या हवेत तसे केले तर कार्डांच्या सोनेरी कडांवर थर धरतो आणि गणपतीनंतर यंत्र उठत नाही. त्याऐवजी दर आठवड्याला, आभाळ उघडलेले असताना, ते तासभर चालू करावे म्हणजे आतली ओल निघून जाते. टेपा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि डब्यावर ठळक अक्षरांत काय आहे ते लिहावे. आमच्याकडे एकदा तो डबा शेवयांचा म्हणून उन्हात वाळत घातला गेला होता.